सुटलेली वेल

"ही चिकटत का नाही, बुवा? सकाळपर्यंत तर घट्ट होती!"

हरबा शिडीवरून ओरडत होता. दोन्ही तळव्यांनी वेल भिंतीवर दाबत होता. हात काढला की वेल खाली!

तीन वर्षांपूर्वी चिंतूबुवांचा हा पट्टशिष्य रुसून मठ सोडून गेला होता. कीर्तनात माझ्यासारखा मीच, असं म्हणत गेला. आज पहाटे परत आला आणि थेट कामालाच भिडला. दसऱ्याआधी मठाच्या भिंतींना चुना लागतो. बुवांनी एवढंच सांगितलं होतं, "वेल कौलांत शिरतेय. वरची दोन हात छाट."

दोन हात छाटून थांबेल तो हरबा कसला! त्याने अख्खी वेलच सोलून काढली. चुना मारू आणि पुन्हा जशीच्या तशी लावू, बुवा बघतच राहतील!

बुवा बघतच राहिले. वेलीबरोबर टोपलीभर गिलावा खाली आला होता.

"सुतळीने बांधतो. नाहीतर खिळे ठोकतो!"

"ठोक की. पण एकदा सुटलेली वेल पुन्हा भिंत धरत नाही."

हरबाचे हात थांबले. पहाटेपासून गिळलेला प्रश्न बाहेर आला.

"बुवा... माझी जागा? तुमच्या उजव्या हाताची?"

बुवांनी कोयती पुढे केली.

"वीतभर ठेव. वरचं सगळं काप."

"सगळं? वीस वर्षांची वेल आहे, बुवा!"

हरबाने दातओठ खात कोयती चालवली. अंगणात वेलीचा ढीग पडला. जमिनीलगत उरला मनगटाएवढा बुंधा. त्याला रडूच आलं. डोळे पुसायला तो खाली बसला आणि एकदम किंचाळला.

"बुवा! कोंब! हा बघा, बुंध्यापाशी! बोटभरसुद्धा नाही, पण भिंत धरलीय याने!"

"पाणी लागेल त्याला."

"मी घालतो! रोज घालतो!"

बोलून गेल्यावर त्याला आठवलं. मठात पाणी वाहायचं काम सगळ्यांत नव्या शिष्याचं. पहिलं वर्षभर तेवढंच, दुसरं काही नाही.

त्याचे कान लाल झाले. पण शब्द मागे घेतला नाही.

"कधीपासून आणू, बुवा?"

"तुझी घागर माळ्यावर आहे. तीन वर्षं कुणाला हात लावू दिला नाही."