एकही डाग नसलेला फोटो

तालुक्याच्या एका गावी बसस्टँडासमोर माळवदे नावाचे फोटोवाले होते. जुन्या निगेटिव्ह स्कॅन कराव्यात तर त्यांनीच, अशी त्यांची ख्याती. माणूस हुशार, पण हुशारीला घाईची सवय लागलेली. लग्नाचे रंगीत रोल भराभर उरकावेत म्हणून स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांनी एकदाच सगळ्या खुणा करून ठेवल्या होत्या. धूळ आपोआप काढ, उजेड आपोआप ठरव, कडा आपोआप ठळक कर. पुढे वर्षानुवर्षं त्या खुणांकडे ढुंकून पाहिलं असेल तर शपथ.

एके सकाळी शालनताई आल्या. वडिलांच्या ट्रंकेत त्यांना एक काळी-पांढरी निगेटिव्ह सापडली होती. तीत एक बाई उभी होती. शालनताई दोन महिन्यांच्या असताना त्यांची आई गंगू गेली. तिचा चेहरा त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. ही आईच का, हे सांगणारं एकच माणूस उरलं होतं, सोनामावशी. ती सरकारी दवाखान्यात पडून होती आणि आजचा दिवस निघाला तरी पुष्कळ, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

माळवद्यांनी निगेटिव्हवरून ब्रशसुद्धा फिरवला नाही. मशीन धूळ काढतंय, मग हात कशाला चालवा! पाच मिनिटांत फोटो हातात ठेवला आणि वर ऐटीत म्हणाले, "बघा ताई, एक डाग ठेवला नाही."

तासाभरात शालनताई परत आल्या. मावशीने फोटो पाहून मान फिरवली होती. ही तुकतुकीत गालांची कुणी दुसरीच, आमच्या गंगूचं तोंड देवीच्या व्रणांनी भरलेलं होतं, असं ती म्हणाली होती. निगेटिव्ह परत द्या, टाकून देते, एवढंच बोलून शालनताई खाली बघत उभ्या राहिल्या.

 माळवद्यांनी निगेटिव्ह उजेडासमोर धरून भिंग लावलं. बाईच्या गालांवर बारीक ठिपके होते. त्यांनी फुंकर मारली, ब्रश फिरवला. ठिपके तिथेच.

मशीनसोबतच्या पुस्तकात लिहिलेलं होतं की धुळीची ती खूण रंगीत फिल्मपुरतीच. काळ्या-पांढऱ्या फिल्मवर धूळ कुठली आणि चित्र कुठलं, हे मशीनला कळत नाही. माळवद्यांना हे ठाऊक होतं, हीच तर खरी शरमेची गोष्ट. दुकानात दोन गिऱ्हाइकं बसलेली. म्हातारीच्या नजरेवर ढकलून दिलं असतं तर कोणाला कळणार होतं? 

"ताई, मावशींचं खरं आहे," ते सगळ्यांदेखत म्हणाले. "ते व्रण मी पुसले. थोडं थांबा."

त्यांनी एकेक खूण काढून टाकली. निगेटिव्ह ब्रशने झाडली, वाकलेली होती ती पट्टीत ताणून सपाट बसवली. उजेड स्वतः ठरवला आणि मशीनला प्रत्येक ओळ चार-चारदा वाचायला लावली, बारीक ठिपकाही सुटू नये म्हणून. काम बारा मिनिटांचं होतं. सहा मिनिटं झाली आणि शालनताईंचा फोन वाजला. मावशीला धाप लागली होती, ताबडतोब बोलावलं होतं.

"राहू द्या, मी निघते," शालनताई म्हणाल्या. 

 माळवद्यांना अर्ध्यावर थांबवावं आणि मिळेल तेवढं द्यावं, असं फार वाटलं. पण अर्ध्या चेहऱ्याने काय होणार होतं? त्यांनी स्कूटरची चावी काढून ठेवली, मी स्वतः सोडतो म्हणाले, आणि हात घट्ट बांधून स्कॅनरसमोर उभे राहिले.

पूर्ण झालेला फोटो घेऊन दोघं दवाखान्यात पोचले तेव्हा मावशीचे डोळे मिटलेले होते. शालनताईंनी कानाशी वाकून हाक मारली आणि फोटो तिच्यासमोर धरला. मावशीने डोळे उघडले. बराच वेळ ती बघत राहिली. मग तिचं बोट त्या गालावरून, एकेका व्रणावरून फिरलं.

"गंगूच गं ही," ती म्हणाली. "देवी आल्या तेव्हा मीच निजवलं होतं तिला कडुनिंबाच्या पाल्यावर."

शालनताई आयुष्यात पहिल्यांदा आईकडे बघून रडल्या. माळवदे दाराशीच उभे होते. त्यांनाही पुढचं नीट दिसेना.

तात्पर्य: साफ करायला घेण्याआधी आपण काय पुसतो आहोत ते डोळ्यांनी पाहावं; आणि पुसलंच गेलं, तर वेळ आहे तोवर आपल्या तोंडाने कबूल करावं.