नाचणीची हिरवळ आणि कातरीन मावशीची शेळी

वसईच्या एका वाडीत, केळीच्या बनाच्या कडेला, रेमेत नावाची चिमुकली राहत असे. आई लोकांच्या मळ्यात फुलं खुडून घर चालवायची. रेमेतच्या फ्रॉकला इतकी ठिगळं होती, की मूळ कापड कुठलं ते विचारूच नका! तरी पोर सदा हसरी.

यंदा तर तिला आभाळ ठेंगणं झालं होतं. चर्चमधल्या नाताळच्या गोठ्यात, बाळ येशूच्या गव्हाणीत अंथरायची हिरवळ फादरांनी तिला उगवायला सांगितली होती. तिने करवंट्यांत माती भरली, नाचणी पेरली, ओंजळीने पाणी घातलं. हळूहळू इवलेइवले कोंब वर आले, पोपटी, लुसलुशीत, टोकाटोकावर दवाचे मोती मिरवणारे.

नाताळच्या आदल्या सकाळी बघते तर काय, करवंट्या पालथ्या आणि हिरवळ साफ! शेजारच्या कातरीन मावशीची शेळी सोनी दावं तोडून आली होती. तिने बाजूची, पेरून उरलेल्या नाचणीची पिशवीही फस्त केली होती. आणि ही कातरीन मावशी कोण? खाली पडलेला पेरू उचलला तरी रेमेतवर काठी उगारणारी!

रेमेत शेवंतीच्या ताटव्यात जाऊन मुसमुसू लागली. तोच एका पिवळ्याधमक फुलातून रुपेरी पंखांची इवलीशी परी बाहेर आली.

"रडू नकोस, राणी. एक इच्छा माग. पण पाकळ्यांवरचं दव वाळायच्या आत मागायची हं, आणि मागितलेली बदलायची नाही."

"मला माझी हिरव..."

इतक्यात कुंपणापलीकडे हंबरडा फुटला. नाचणी पोटात फुगून सोनी आडवी पडली होती. मावशी तिचं डोकं मांडीवर घेऊन म्हणत होती, "सोने, ऊठ गं! तुझ्याशिवाय कोण आहे मला?"

'बरं झालं!' रेमेतच्या मनात आलं. राग आला होता ना तिला, चांगलाच. पण मावशी सोनीचं पोट पुन्हा पुन्हा चोळताना बघून तो राग विरघळला. इकडे दव भराभर आटत होतं. शेवटचा थेंब उरला.

"परीताई, सोनीला बरं कर!"

"आणि हिरवळ?"

"बाळ येशू पेंढ्यावर निजेल. तो नाही रागावणार. पण सोनी गेली तर मावशी एकटी पडेल."

झगमग झगमग! सोनेरी कण उडाले. सोनी धडपडत उठली आणि तिने अंग झटकलं. दाढीत अडकलेले नाचणीचे दाणे अंगणभर उधळले, आणि दाणा पडेल तिथे पोपटी कोंब तरारून वर आले.

"ही माझी भेट," परी हसली. "दयेचं अंथरूण बाळाला फार आवडतं." शेवंतीवर लख्ख उजेड पसरला. तो ओसरला तेव्हा परी नव्हती.

कुंपणापलीकडून सारं ऐकलेल्या मावशीने डोळे पुसले. "पोरी, मी तुझ्यावर काठी उगारायची, आणि तू..."

"मावशी, आधी करवंट्या भरू या. सोनी पुन्हा खाईल!"

संध्याकाळी गव्हाणीत हिरवळ डुलत होती. एक कोपरा मात्र कुरतडलेला होता.

"हे कुणी खाल्लं?" फादरांनी विचारलं.

रेमेत आणि कातरीन मावशी एकमेकींकडे बघून खुदकन हसल्या. मावशीच्या ओटीत रेमेतसाठी पिकलेले पेरू होते.