गालातली काडी

झाडं बोलायची, त्या काळातली ही गोष्ट. मधाला सोकावलेलं एक अस्वल रोज सकाळी कडुनिंबाची काडी मोडायचं, गालात धरायचं आणि दुपारपर्यंत रानभर गप्पा मारत हिंडायचं.

एक दिवस ते सुजलेला गाल घेऊन आलं आणि चिडून म्हणालं, "तुझ्या काडीत काही दम नाही! दातांवर एवढं कीटण साचलंय."

कडुनिंबाचं डोकंच फिरलं. "अरे, माझा कडू रस कीटण धरू देत नाही, पण काडी चावून एकेका दातावर घासशील तेव्हा ना! नुसती गालात धरून ती काय करणार, कपाळ?"

"असं होय! हे सगळ्यांना सांगायलाच हवं," अस्वल म्हणालं. त्याने नवी काडी मोडली, गालात धरली आणि ते रानभर सांगत सुटलं.