डुमकी, टिकोजी आणि बाराचा मुहूर्त

एक होती बेडकी. तिचं नाव डुमकी.

डुमकी केवढी? तुमच्या मुठीएवढी. आणि तिचा तोरा केवढा? बापरे, विचारूच नका!

डुमकीला भारी वेड घड्याळांचं. आपण बांधतो हातावर, ती बांधायची पोटावर. तिच्याकडे होती तीन घड्याळं.

एक लाल, प्लॅस्टिकचं. ते रोजचं, चिखलात लोळायला.

एक बिनकाट्यांचं. ते रविवारचं. रविवारी कशाला हवेत काटे?

आणि एक जुनं, पिवळ्या तबकडीचं. त्याचं नाव टिकोजी. तो बोलायचा, टिक टिक, टिक टिक.

टिकोजीवर डुमकीचा फार जीव. म्हणून ती त्याला घालायचीच नाही! डब्यात ठेवायची, कापसात गुंडाळून. हात लावाल तर खबरदार!

आज तळ्यात लग्न होतं. डुमकीच्या ताईचं! मुहूर्त बाराचा.

ताई म्हणाली, "डुमके, टिकोजीचे दोन्ही काटे वर जाऊन चिकटले, की ओरड, 'वाजले!' तू ओरडल्याशिवाय मी माळ घालणार नाही."

केवढा मान! डुमकी फुगून टम्म झाली.

तिने डबा उघडला. कापूस काढला. टिकोजीला कान लावला.

टिक नाही. टिक नाही. काही म्हणजे काहीच नाही!

छोटा काटा वर पोचत आलेला. मोठा काटा जरासा मागे. दोघेही हलेनात.

तिकडे कासवगुरुजींनी सूर लावला, "शुभमंगल साऽऽऽ..." आणि तिथेच अडकले. डुमकी ओरडल्याशिवाय पुढचं म्हणणार कसं?

डुमकीला रडूच कोसळलं.

तळ्याकाठी झाडाखाली बसायचे घड्याळवाले बापूकाका. डुमकीने टिकोजीला दोन्ही हातांवर घेतलं. धक्का लागेल म्हणून एक उडीसुद्धा मारली नाही. गेली आपली सरपटत, अलगद, अलगद.

"काका, काका! टिकोजी बोलेना, ताईचं लग्न लागेना!"

काका म्हणाले, "भिंगाशिवाय मला दिसेना. भिंग नेलं कावळ्याने. भिंग आण, मग बघतो. टिकोजीला ठेव इथे गादीवर."

निघाली डुमकी. टुणुक टुणुक टुण्ण!

कावळा बसला होता तारेवर. एका डोळ्याला भिंग. भिंगातला डोळा हा एवढा!

"कावळेदादा, कावळेदादा! काकांना दिसेना, टिकोजी बोलेना, ताईचं लग्न लागेना!"

कावळा म्हणाला, "काव काव! फुकट नाही देणार. भजं आण, मग भिंग. कांद्याचं हं. आणि कुरकुरीत!"

निघाली डुमकी. टुणुक टुणुक टुण्ण!

भजीवाली सकूमावशी बसली होती कढईपुढे. तेल तापलं होतं. भजी नव्हती.

"मावशी, मावशी! कावळा देईना, काकांना दिसेना, टिकोजी बोलेना, ताईचं लग्न लागेना!"

मावशी म्हणाली, "अगं, भजी कशाची तळू, माझ्या डोक्याची? कांदे आहेत गाढवाच्या पाठीवर. गाढव हलव, मग तळते."

टुणुक टुणुक टुण्ण!

गाढव उभं होतं रस्त्यात. पाठीवर कांद्यांचं पोतं.

"गाढवभाऊ, गाढवभाऊ! मावशी तळेना, कावळा देईना, काकांना दिसेना, टिकोजी बोलेना, ताईचं लग्न लागेना!"

गाढव म्हणालं, "समोर बघ की! म्हैस बसलीय आडवी. मी काय उडत जाऊ? म्हैस उठव, मग हलतो."

टुणुक टुणुक टुण्ण!

म्हैस बसली होती ऐसपैस. खाली रस्ता दिसतच नव्हता.

"म्हैसआत्या, म्हैसआत्या! गाढव हलेना, मावशी तळेना, कावळा देईना, काकांना दिसेना, टिकोजी बोलेना, ताईचं लग्न लागेना!"

म्हैस म्हणाली, "हळू बोल गं! पाठीवर बगळा झोपलाय. झोपमोड झाली की फार चिडतो बिचारा. बगळा उठला, मग उठते."

तळ्यातून आवाज येतच होता, "साऽऽऽऽऽऽ..." गुरुजींचा चेहरा लालबुंद झाला होता.

डुमकी म्हशीची शेपटी धरून वर चढली. बगळा झोपला होता एका पायावर. डुमकी गेली थेट त्याच्या चोचीपुढे.

"बगळोबा, बगळोबा! म्हैस उठेना, गाढव हलेना, मावशी तळेना, कावळा देईना, काकांना दिसेना, टिकोजी बोलेना, ताईचं लग्न लागेना!"

बगळ्याने एक डोळा उघडला.

थांबा. बगळा काय खातो, माहितीये का? किडे खातो. मासे खातो. आणि अजून काय खातो? बेडूक! अगं डुमके, कुठे जाऊन उभी राहिलीस!

बगळ्याने दुसरा डोळा उघडला. "वा वा! नाश्ता स्वतःच आला!"

त्याने चोच वासली. ही एवढी!

"आई गं!" डुमकीने मारली उडी. टुणुक! बगळा मागे. फड फड फड!

बगळा उडाला, म्हणून म्हैस उठली. धप्प!

म्हैस उठली, म्हणून गाढव हललं. टपाक टपाक!

डुमकी उडाली ती थेट कांद्याच्या पोत्यावर. बगळ्याने चोच मारली, खप्पकन! डुमकी सटकली. चोचीत आला कांदा. आणि कांदा अडकला! बगळ्याच्या डोळ्यांतून पाणी घळाघळा, घळाघळा.

गाढव पोचलं, म्हणून मावशीने तळलं. चुर्रर्र!

मावशीने तळलं, म्हणून कावळ्याने दिलं. भजं घेतलं आणि भिंग टाकलं.

कावळ्याने दिलं, म्हणून काकांना दिसलं.

काकांनी टिकोजीला उघडलं. भिंगातून बघितलं. "हं," म्हणाले. मग म्हणाले, "हं हं."

"काय झालंय हो माझ्या टिकोजीला?" डुमकीचा आवाज एवढासा झाला.

"काही झालेलं नाही!"

"मग तो बोलेना का?"

"शेवटचं कधी घातलं होतंस?"

"कित्येक दिवसांत घातलंच नाही हो! खराब होऊ नये म्हणून डब्यात ठेवलं. कापसात."

"वेडाबाई!" काका हसायला लागले. "याला किल्ली नाही. याला सेल नाही. हे घालून हिंडलं की चालतं. ठेवून दिलं की झोपतं. बांध पोटावर आणि मार उड्या!"

डुमकीने टिकोजीला बांधलं पोटावर.

टुणुक! काही नाही.

टुणुक टुणुक! टि...

टुणुक टुणुक टुणुक! टिक. टिक टिक. टिक टिक टिक!

"बोलला! माझा टिकोजी बोलला!" डुमकीने काकांच्या नाकाचा पापाच घेतला.

काका म्हणाले, "पण डुमके, आता चार वाजलेत. काटे पुढे करून देऊ का?"

"मुळीच नाही!" डुमकी म्हणाली. "टिकोजी सांगेल तेव्हाच बारा!"

टुणुक टुणुक टुण्ण! डुमकी तळ्यावर हजर. ताई माळ धरून उभी. हात दुखले बिचारीचे. नवरदेव उभ्या उभ्या घोरत होता. गुरुजी आता जांभळे झाले होते. "साऽऽऽऽऽऽऽऽऽ..."

डुमकी टिकोजीकडे बघत राहिली. मोठा काटा सरकला. अजून सरकला. वर गेला, आणि छोट्या काट्याला जाऊन चिकटला.

"वाजलेऽऽऽ!"

"...वधान!" म्हणाले गुरुजी, आणि पाण्यात आडवे झाले.

ताईने माळ घातली. लग्न लागलं! चार वाजता बारा वाजले, आणि कुणाची काही तक्रार नव्हती.

मावशीने सगळ्यांना भजी दिली. पाठवणीच्या वेळी सगळ्यात जास्त रडला बगळा. चोचीत कांदा तसाच होता ना! बेडूक म्हणाले, "अगंबाई, किती हळवा आहे हा!"

आता डुमकी टिकोजीला रोज घालते. चिखलात जाताना मात्र लालच हं. ती उड्या मारते, तो बोलतो. टुणुक टिक! टुणुक टिक!

आणि तो डबा? त्यात आता भजी ठेवते.

टिकोजी लागला चालायला,
आता आपण लागू निजायला!