एका सुराची सभा

त्या वनराज्यात गप्प बसायला मनाई होती. शांततेत कट शिजतात, असं मोरमहाराजांना वाटे. ज्याचा आवाज थांबला, त्याला सीमेपार हाकललं जाई. पाखरं झोपेतही पुटपुटत. कुणाचं कुणाला ऐकू जात नसे, पण गलका चालू आहे म्हणजे राज्य सुखरूप आहे, असं प्रधान भारद्वाज रोज सांगे.

दरवर्षी माळावर गायनसभा भरे. त्या वर्षी पाळी तांबटिणीवर आली. तिला एकच सूर येई, तोही थांबून थांबून; एरवी गलक्यात ते कळत नसे. उंबराच्या ढोलीत तिची तीन अंडी होती. हद्दपारी झाली तर ती थंड पडणार होती.

"अगं, एखादी तान तरी घे," शेजारची बुलबुल काकुळतीनं म्हणाली.

"नाही ग येत. पाळी आली तेव्हापासून घसा खरवडून पाहतेय."

भर दुपारी तांबटीण वाळक्या फांदीवर बसली. टुक. मग थांबली. टुक. पुन्हा थांबली. सभेत खसखस पिकली. पोपटांनी 'वाहवा' म्हणायला चोची उघडल्या, पण दाद द्यायची कुठे, हेच त्यांना कळेना. तान संपली की दाद द्यायची. इथे तान सुरूच होत नव्हती. ते वाट पाहत राहिले. टुक. हळूहळू मागच्या रांगाही वाट पाहू लागल्या. तांबटिणीचा सूर ढळला नाही.

मग दोन सुरांच्या मधे कुठूनतरी पाण्याची झुळझुळ ऐकू आली. एका म्हाताऱ्या होल्यानं डोळे मिटले. बुलबुलीला शेजारणीचा, तांबटिणीचा श्वास ऐकू आला. इतकी वर्षं शेजारी राहून तो तिनं कधी ऐकलाच नव्हता.

भारद्वाज धावत महाराजांपाशी गेला. "महाराज, गुन्हा घडतोय. सगळी सभाच गप्प आहे! कुणाकुणाला हाकलायचं?"

मोरानं मान वळवली नाही. "हळू बोल," तो म्हणाला. "ऐकतोय मी."

टुक.

कट कुठेच शिजत नव्हता. पानं हलत होती, इतकंच. सभेतून एक लांब सुस्कारा निघाला; तो कुणी सोडला हे कुणी विचारलं नाही.

राज्याभिषेकापासून ताठ उभारलेला पिसारा मोरानं सावकाश खाली घेतला आणि तो इतरांसारखा गवतात बसला. त्याच्या मागे एक हिरवी टेकडी होती. ती प्रजेला त्या दिवशी पहिल्यांदा दिसली.