बरणीतलं खोबरं

"मग मेले का नाहीत?"

रणपिसे मॅडमनी हे अगदी शांतपणे विचारलं. तेजलला ते थोबाडीत मारल्यासारखं लागलं.

प्रयोगशाळेतल्या टेबलावर दोन काचनळ्या होत्या. एकीत क्षयाचे साधे जंतू, जुन्या औषधाने मरणारे. दुसरीत चिवट, जुन्या औषधाला न जुमानणारे. ते नीरजच्या थुंकीतून आले होते. नीरज म्हणजे तेजलचा धाकटा भाऊ; खालच्या वॉर्डात खोकत पडला होता.

दोन्हींत तेजलने आपलं नवं औषध घातलं होतं. दोन्ही नळ्या गढूळ दिसत होत्या; जंतू वाढतच होते.

"मात्रा वाढवते," ती म्हणाली. "फक्त तुम्ही पुढच्या चाचणीला हो म्हणा."

"बदललंस काय?"

"किती वेळा सांगू, मॅडम?"

"अजून एकदा."

"जुन्या रेणूला शेपूट आहे, दोन नायट्रोजनचं. जंतू ते तोडतात. मी शेपटाच्या टोकाला कार्बनची टोपी बसवली. आता त्यांच्या बापाला तुटायचं नाही."

"जंतू तोडतात, हे खरं."

"मग? तोडतात म्हणूनच ते लागू पडत नाही. पेनिसिलिनचंही तेच होतं. तिथे टिकाऊ रेणू केला की जंतू मरतात."

"पेनिसिलिनचं..." मॅडम म्हणाल्या आणि थांबल्या.

तेजलचं डोकं फिरलं. या बाई अर्धं वाक्य बोलतात, आणि उरलेलं वाक्य शोधण्यात लोकांची उमर जाते.

"नीरजकडे वेळ नाहीये, मॅडम."

"माहीत आहे."

मॅडम उठल्या. कोपऱ्यातल्या बिळाशी उंदरांनी पुठ्ठे कुरतडून ठेवले होते. रोज संध्याकाळी त्या खोबऱ्याच्या तुकड्यात विष कोरून भरायच्या आणि बिळासमोर ठेवायच्या. आजही त्यांनी हातमोजे घातले, तुकडा भरला.

"आत्ता उंदीर?" तेजल म्हणाली. "खरंच?"

मॅडमनी तो तुकडा काचेच्या बरणीत टाकला. झाकण दोन्ही हातांनी आवळलं. बरणी बिळासमोर ठेवली.

"हे काय करताय?"

"आता मुंग्या लागायच्या नाहीत. दमट व्हायचं नाही. महिनाभर टिकेल."

"अहो, पण उंदीर खाणार कसा?"

मॅडम हातमोजे काढत राहिल्या. एक बोट... मग दुसरं...

खालून खोकल्याची उबळ ऐकू आली. तेजलने तो खोकला ओळखला. तो थांबेपर्यंत ती हलली नाही.

मग ती साध्या जंतूंच्या नळीकडे बघत राहिली.

"म्हणजे ते तोडतात..." तिचा आवाज खाली आला. "त्यांनी तोडल्यावरच त्याचं विष होतं?"

मॅडमनी बरणीकडे मान वळवली.

तेजलने वाकून बरणी उचलली. झाकण इतकं घट्ट बसलं होतं की तळहात लाल झाला. ते निघालं.

"टोपी काढते मी. उद्यापासून पुन्हा सुरू करते."

"काढ. साधे मरतील. ते जुन्या औषधानेही मरतात."

"आणि नीरजचे?"

मॅडमनी नीरजची नळी उचलून दिव्यासमोर धरली. गढूळ पाणी हळूच हललं.

"काल एक उंदीर दिसला," त्या म्हणाल्या. "खोबऱ्यापाशी आला, बसला, आणि जिवंत परत गेला. तोडायचे दातच त्याने स्वतःहून पाडून घेतले होते."