दार नसलेली वेस

"वेशीवर गेलेला दादा घरी का येत नाही?" धाकट्या सुताजीने गावात सगळ्यांना विचारलं. जो तो आपापल्या कामाला पळाला.

हे गाव होतं सगुणा नावाच्या मुलीच्या पोटात. इवलंसं, बरं का! मोहरीच्या दाण्यात अशी हजारो गावं मावतील. माणसं दोरासारखी लांबलचक. गावाभोवती मऊ मऊ वेस, पण वेशीला दारच नाही!

मग माल बाहेर जायचा कसा? तो भरायचा बुडबुड्यात. बुडबुड्यावर एक दोरमाणूस, वेशीवर तीन. चौघांनी मिळून गोफ विणायचा. घट्ट, आणखी घट्ट. मग बुडबुडा वेशीला भिडायचा, दोघांचं कातडं एक व्हायचं आणि माल बाहेर!

एकदा काय झालं, सगुणा वाटीभर बासुंदी प्यायली. वेशीबाहेर रक्तात साखरेचा पूर आला. पोर मलूल झाली. साखर आवरणारे हमाल बुडबुड्यात भरून सुताजी वेशीकडे धावला. बघतो तर पिळाजीदादा कालच्याच गोफात अडकलेला!

सुताजी भारी उतावळा. त्याने दादाला जोरात ओढलं. गोफ आणखी आवळला.

"अरे माकडा, सोडवतोस की गळा दाबतोस?"

मग त्याने गोफ चावून पाहिला. दातच दुखले.

मग गेला उकलाबाईकडे. गोफ उलटा फिरवावा तो तिनेच. पण म्हातारी भिंतीला टेकून बसलेली.

"उपाशीपोटी बोटं चालत नाहीत रे बाळा. कालपासून कुणी लाडू आणलाय का?"

सुताजी लाडवांच्या भट्टीवर पळाला, तीन लाडू घेऊन आला. म्हातारीने एक खाल्ला. उलटी पावलं टाकत भराभर गोफ सोडवला. दादा मोकळा!

"केवढा वाढलास रे!" दादा म्हणाला. "आता रडतोस काय? विण!"

तेवढ्यात वेशीच्या बारीक भोकांतून चुन्याचे दाणे आत उसळले. तोच गोफ आवळायचा इशारा, बरं का! बुडबुड्यावरून सुताजी, वेशीवरून दादा आणि आणखी दोघे, असे चौघे एकमेकांत गुंफले. घट्ट, आणखी घट्ट. आणि भस्सकन वेस उघडली! हमाल धावले, पूर ओसरला, सगुणा टुणकन उठून अंगणात पळाली. गावभर आरोळ्याच आरोळ्या!

गोफात दोघे भाऊ गळ्यात गळा घालून होते. सुताजीने खाली पाहिलं. दादाचे पाय वेशीत रुतलेले होते. दादा घरी का येत नाही, हे मग त्याने पुन्हा विचारलं नाही.

दुसरा लाडू खाऊन उकलाबाईने गोफ सोडवला. दादा वेशीवर राहिला, सुताजी घराकडे निघाला. गाव सुखात नांदलं. मिटा पाहू डोळे. तुमच्या पोटातही आत्ता कुणीतरी गोफ विणतंय.

आणि हो, निघताना सुताजीने तिसरा लाडू म्हातारीच्या ओच्यात टाकला. "हा उद्यासाठी," म्हणाला, "दादा अडकून राहायला नको."